साहेबांच्या अपॉइंटमेंटबाबत माझी बाजू

३ मार्च, सोमवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, पुढे उपयोगी पडेल. या वेळी, बालवाडीच्या खेळायच्या खोलीत, पिवळ्या भिंतीला टेकवलेल्या बुटक्या टेबलापाशी, माझ्या एकुलत्या एका नातवावर अन्याय झाला.

नातू पावणेतीन वर्षांचा. घरात आम्ही त्याला साहेब म्हणतो, कारण तो बोलत नाही. नुसता बघतो आणि माणसं धावतात.

मुलांची वाढ वयाप्रमाणे होते आहे का हे बघायला कुठल्याशा केंद्रातून बाई आल्या होत्या. बाई कसल्या, मुलगीच. कॅनव्हासचे बूट, चाकांची बॅग, बॅगेत लाकडी ठोकळे. (यापुढे: ठोकळेबाई.) सुनेला कामावरून सुटता आलं नाही म्हणून पालकांच्या खुर्चीवर मी बसले. खुर्ची बाहुलीच्या मापाची होती, त्याबद्दल वेगळी तक्रार करणार आहे.

ठोकळेबाईंनी चित्रांचं पान पुढे धरून साहेबांना विचारलं, कुत्रा कुठे आहे? मी दाखवला. मग हातात काहीतरी धरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, चेंडू. तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, त्याला सांगू द्या ना." मी म्हटलं, तो सांगतोच आहे, मी फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. एव्हाना साहेब पोटावर आडवे झाले होते आणि बॅगेचं चाक फिरवत होते. नीट बघायला गेलं तर खोलीत मन लावून काम करणारा तो एकटाच होता.

बाईंनी कागदावर लिहिलं: 'भाषेच्या विकासात विलंबाची शक्यता. सविस्तर तपासणी करावी.'

विलंब म्हणजे काय ते मला शिकवू नये. विमानतळावर अठ्ठावीस वर्षं मी विलंब जाहीर केले आहेत, तीन भाषांत. धुक्याचे, तांत्रिक, आणि कारण कुणालाच माहीत नाही असेही. कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाचा कप चार वेळा मलाच मिळाला, पाचव्या वर्षी सिस्टरनी मला परीक्षक केलं, बाकीच्या मुलींना संधी मिळावी म्हणून. अशा घरातल्या मुलाच्या भाषेवर ह्या मुलीने शेरा मारला. तोही पेन्सिलीने.

४ मार्च

सुनेने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "मला वाटतच होतं." हिला काय वाटत होतं हे मला कुणी कधी सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, "बघू या ना आई, तपासायला काय जातं." हा जन्मभर 'बघू या' म्हणत आला आहे आणि अजून काही बघितलेलं नाही.

शांतपणे पुरावा गोळा केला.

हाक मारली तर वळत नाही. एकाग्रता.
पाणी हवं असलं की माझं बोट धरून ओट्यावरच्या जगपर्यंत ओढत नेतो. नेतृत्व.
घरातल्या सगळ्या चपला एका ओळीत लावतो आणि कुणी घालून बाहेर गेलं तर रडतो. शिस्त. हल्ली कुणात आहे?
'ब' म्हणतो. बाबा, बस, बटण आणि फ्रिज, चौघांनाही. काटकसर.

एवढा हुशार मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

५ मार्च

निश्चय: केंद्राच्या तपासणीआधी मी स्वतः साहेबांना तयार करणार. तस्सेच ठोकळे आणले. वेळापत्रक फ्रिजवर लावलं. सकाळी नऊ ते साडेनऊ ठोकळे, साडेनऊ ते दहा शब्द, दहा ते सव्वादहा उजळणी, मग दूध.

पहिला दिवस. मनोरा करून दाखवला. साहेबांनी तो मोडून ठोकळे चपलांच्या ओळीला जोडले. पुन्हा केला, पुन्हा जोडले. शेवटी माझा मनोरा बारा ठोकळ्यांचा झाला. प्रगती समाधानकारक.

६ मार्च

शब्दांचा तास. आधी लक्ष वेधून घ्यावं लागतं हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. स्टीलच्या ग्लासवर चमच्याने तीनदा वाजवलं, टिंग, टांग, टुंग, जसं विमानतळावर वाजायचं. साहेब आतल्या खोलीतून धावत आले. म्हणजे कान शाबूत. केंद्राच्या कागदावर 'श्रवण तपासावे' असंही लिहिलं आहे, ते खोडून टाकलं. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं असल्यामुळे सोपं गेलं.

मग स्पष्ट उच्चारात सांगितलं: "कृपया लक्ष द्या. हा चेंडू आहे. चेंडू गोल आहे. चेंडू लाल आहे. म्हण, चेंडू. चें-डू. शाब्बास." साहेब चमच्याकडे बघत होते. चमचा मागे घेतला तर ग्लासकडे बघायला लागले. शब्द फार झाले नाहीत, पण ऐकण्याची बैठक चांगली आहे.

७ मार्च

सुनेने मला न विचारता केंद्राची अपॉइंटमेंट घेतली. अठरा तारीख, सकाळी दहा. म्हणाली, "नशिबाने मिळाली आई, कुणीतरी रद्द केली म्हणून. नाहीतर थेट जुलै." त्यानंतर गरज वाटली तर दर आठवड्याला एक तास शिकवणार. गरज वाटणारच. ज्याचं ठोकळ्यांचं दुकान आहे त्याला गरज वाटतेच.

मी म्हटलं, आमचे हे स्वतः पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते असं सासूबाई सांगायच्या. सून म्हणाली, "आणि नंतर?" मी म्हटलं, नंतर माझ्याशी लग्न झालं. ह्यांनी शब्दकोड्यातून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं.

१० मार्च. सकाळी १०.१५

केंद्राला फोन केला. सुनेच्या वतीने अपॉइंटमेंट रद्द केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. हे खोटं बोलणं नव्हे. अठ्ठावीस वर्षं मी वैमानिकांच्या वतीने, हवामानखात्याच्या वतीने आणि एकदा हरवलेल्या एका काकांच्या वतीने बोलले आहे. कुणाच्या तरी वतीने बोलणं हाच माझा पेशा. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, नक्की ना? पुढची तारीख जुलैतली मिळेल." मी म्हटलं, "नक्की. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सवय.

योजना अशी: अठरापर्यंत साहेब घडाघडा बोलायला लागतील. मग मी घरात जाहीर करीन की जायची गरज नाही, आणि सगळे मनातल्या मनात माझे आभार मानतील. उघडपणे कुणी मानत नाही.

११ मार्च

मुलं मुलांकडून शिकतात असं केंद्राच्या माहितीपत्रकात आहे. एवढी एकच अक्कल त्यात सापडली. समोरच्यांच्या अडीच वर्षांच्या नातीला बोलावून घेतलं. तिला मी रेडिओ म्हणते. येतानाच बोलत आली. आमचा सोफा, आमचा पडदा, तिच्या मावशीचा पडलेला दात, सगळं सांगितलं. साहेब पडद्यामागे गेले ते ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. फक्त अंगठे दिसत होते.

मी मुद्दे समजावून सांगत होते तर रेडिओ मला म्हणाली, "आजी, तुला बंद कुठून करतात?"

समोरच्यांच्या घरात वळण नाही हे मी पूर्वीही म्हटलं होतं.

१३ मार्च

आज केंद्राचं पितळ उघडं पाडलं. त्यांच्या माहितीपत्रकात पालकांसाठी प्रश्नावली आहे. ती प्रश्नावली आमच्या ह्यांना लावून पाहिली.

नावाने हाक मारल्यावर वळून बघतो का? नाही. तीनदा मारली.
नजरेला नजर देतो का? शब्दकोड्याला देतात.
दोन शब्दांचं वाक्य बोलतो का? 'चहा' म्हणतात. एकच शब्द.
इतरांबरोबर खेळतो की एकटाच? एकटेच.
साधी सूचना पाळतो का? ह्यावर मला हसू आलं.

चार वर्षांपर्यंतची प्रश्नावली आणि आमचे हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नापास. म्हणजे प्रश्नावलीच सदोष. हा निष्कर्ष मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. मी मधे कुठून शिरू?"

नोंद: एवढं मोठं वाक्य पुष्कळ दिवसांनी बोलले. चिडचिडेपणा वाढला आहे. रक्तदाब बघायला हवा.

१४ मार्च

विजय. उजळणीच्या तासाला साहेब काहीतरी म्हणाले. 'चें' म्हणाले किंवा शिंकले, पण तोंडातून आलं. पुरावा म्हणून फोनवर रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळी मुलाला ऐकवलं. त्याने मन लावून पूर्ण ऐकलं, मग विचारलं, "आई, यात तो कुठे आहे?"

पार्श्वभूमीत, मी म्हटलं.

पुन्हा एकटीने ऐकलं. रेकॉर्डिंग उत्तम आहे. माझा 'ळ' अजूनही कुणाला जमणार नाही.

१६ मार्च, रविवार

सुनेने अठरा तारखेची रजा काढली आहे. साहेबांना नवा शर्ट आणला, मऊ, कारण कॉलर टोचली तर तो काढून फेकतो. दुपारी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगापाशी बसून ती घड्या घालता घालता केंद्रात विचारायचे प्रश्न कागदावर लिहीत होती. मी म्हटलं, अगं इतकं काय, मुलं आपापल्या वेळेला बोलतात. ती घड्या घालायची थांबली. म्हणाली, "आई, त्याला काहीतरी हवं असतं आणि आपल्याला कळत नाही, तेव्हा तो कपाळ आपटतो. जमिनीवर. तुम्ही ते बघत नाही का?"

मी म्हटलं, उकाड्यामुळे.

तिने पुन्हा घड्या घालायला घेतल्या. साहेबांचा छोटा मोजा उलटा होता तो सुलटा करत राहिली, सुलटा झाल्यावरसुद्धा.

उन्हाळा अजून म्हणावा तसा सुरू झालेला नाही, हे मलाही दिसतं. कपाळावर डाग आहे. चपलांच्या रॅकचा असेल असं मी धरून चालले होते.

निश्चय: उद्या सकाळी अपॉइंटमेंट पुन्हा सुरू करून घेणे. कुणाला कळायचं कारण नाही.

१७ मार्च. सकाळी ९.०५

केंद्राला फोन. सून म्हणून बोलले. ती वेळ दुसऱ्या मुलाला दिली, म्हणाल्या.

९.२० पुन्हा फोन. मुलाची आजी म्हणून, थोडा थरथरता आवाज. नाही म्हणाल्या.

९.४५ पुन्हा. विमानतळाच्या माजी वरिष्ठ उद्घोषक म्हणून, इंग्रजीत. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तिन्ही वेळा तुम्हीच आहात."

केंद्रात कान मात्र चांगले ठेवलेत.

संध्याकाळी सुनेला सांगणार होते. ती साहेबांचं डोकं धूत होती. मग सांगणार होते, तर ती जेवत होती. जेवताना कुणाला वाईट बातमी सांगू नये. मग मालिका लागली. ती कुणी बघत नव्हतं, पण लागली होती.

१८ मार्च

गेलो. सगळेच गेलो, हेसुद्धा. ह्यांना मी नको म्हणत होते, तर म्हणाले, "मला उत्सुकता आहे." कशाची ते बोलले नाहीत.

वेटिंगरूममध्ये निळी चटई, भिंतीवर मुलांच्या हातांचे ठसे. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, ही वेळ तर तुम्हीच रद्द केलीत. सून म्हणाली, "मी? मी फोनच केला नाही." ती मुलगी म्हणाली, "बाईंचा आवाज होता. फार छान, स्पष्ट. एअरपोर्टवर असतो ना, तसा."

पहिल्यांदा मुलाने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांनी. सुनेने बघितलंच नाही. तिने पिशवीतून प्रश्नांचा कागद काढला, त्याची घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला.

मी म्हटलं, संगणकीय गोंधळ असणार. माझ्या आवाजात मी असे पुष्कळ जाहीर केले आहेत. ह्यावेळी कुणी विश्वास ठेवला नाही.

तेवढ्यात ठोकळेबाई आल्या, तीच बॅग ओढत. साहेबांनी चाक ओळखलं आणि त्यापाशी आडवे झाले. पुढचं मूल यायचं होतं तेवढ्या वेळात ठोकळेबाई आमच्याशी बोलल्या, मांडी घालून, चटईवर. सुनेने कपाळाचं सांगितलं. ठोकळेबाई म्हणाल्या, कान आधी नीट तपासून घ्या, हाक ऐकू येते का हे ठरवायला ग्लास वाजवून चालत नाही. (हे त्यांना कुणी सांगितलं? आमचे हे स्वतःचे बूट बघत होते.) म्हणाल्या, "हे कुणामुळे झालेलं नाही. कुणी जास्त बोलतं म्हणून मूल मुकं राहत नाही. पण लवकर कळलं की लवकर मदत करता येते, एवढंच. तारीख मिळेपर्यंत घरी एक करा. त्याला काही हवं असलं की लगेच देऊ नका, लगेच बोलू नका. त्याच्याकडे बघा आणि थांबा. मनात दहा मोजा."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्हीसुद्धा."

मी म्हटलं, विमानतळावर मी... त्या म्हणाल्या, "दहा, आजी." मी तीनपर्यंत पोचले होते, तेव्हा मला आठवलं की चटई निळी असू नये, मुलांना झोप येते, आणि ते सांगणं गरजेचं होतं.

१९ मार्च

सून माझ्याशी बोलत नाही. मुलगा 'बघू या' म्हणाला, तेही दरवाजातून. निषेध म्हणून मी मौन धरलं आहे. सकाळी आठपासून. घराला कळू दे माझ्या आवाजाची किंमत.

दुपारी बारापर्यंत कुणी विचारलं नाही की मी गप्प का. आमचे हे शीळ वाजवत होते. ह्यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

दुपारी ३. साहेबांनी माझं बोट धरून जगपर्यंत नेलं. एरवी मी म्हणते, 'पाणी पाहिजे का, हे घे पाणी, थंड आहे, दोन्ही हातांनी धर.' पण मौन म्हणजे मौन. ग्लास हातात घेऊन स्टुलावर बसले. त्याच्याकडे बघितलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. त्याने बोट ओढलं. मी गप्प. ओठ काढला, कपाळ खाली जाईल की काय असं वाटलं, माझा हात तयारच होता. मग त्याने ओट्यावरचा चमचा घेतला, माझ्या हातातल्या ग्लासवर तीनदा वाजवला, टिंग, टांग, टुंग, आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला:

"पा."

मौन तिथल्या तिथे सोडलं. जिन्यात जाऊन तिन्ही मजल्यांना जाहीर केलं, दोन भाषांत. परत आले तर साहेब दचकून ओट्याखाली गेले होते आणि पाणी जमिनीवर होतं.

कुणाचा विश्वास बसला नाही. मुलगा म्हणाला, "रेकॉर्ड केलंस का?" मी गप्प होते तर रेकॉर्ड कोण करणार?

संध्याकाळी सून ग्लास घेऊन त्याच स्टुलावर बसली. मी दारात उभी राहून साहेबांना सांगायला लागले की म्हण बाळ, दुपारी म्हणालास तसं. सून म्हणाली, "आई, मधे बोलू नका." दोन दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी तोंडावर हात धरला, स्वतःचाच. तिने वाट बघितली. फार वेळ. माझं दहा दोनदा मोजून झालं. मग चमचा वाजला, आणि "पा."

सुनेने पाणी दिलं. तो दोन्ही हातांनी प्यायला. ती तिथेच बसून राहिली आणि ग्लास रिकामा झाल्यावर पुन्हा भरला, तहान नसताना. त्याने पुन्हा म्हटलं. मी हात काढला नाही.

'ग्लास पद्धत' मी शोधून काढली आहे, ह्याची इथे तारखेसह नोंद असावी.

२१ मार्च, शुक्रवार

सुनेची अट: केंद्राला पत्र मी लिहायचं, माझ्या नावाने, खरं काय ते. आणि जुलैच्या आधी वेळ मिळवायची. मिळाली की मग ती माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलेल. सध्या 'चहा' म्हणते. ह्या घरात हा प्रकार संसर्गजन्य आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे उद्या नेणार आहेत. मी जाणार नाही. मी जिन्यापर्यंत जाणार आहे.

पत्र चार पानी झालं होतं. त्यात बाहुलीची खुर्ची, पेन्सिल, चटईचा रंग, ग्लास पद्धत असे मुद्दे क्रमाने घेतले होते. एक मुद्दा असाही होता की ऐनवेळी फोन करून वेळ रद्द करणाऱ्या बेजबाबदार माणसांवर केंद्र काय कारवाई करतं. सुनेने तो मुद्दा वाचला आणि नुसती बघत राहिली. तिलाही दहा मोजायला जमायला लागलं आहे. तो मी खोडला. शेवटी केंद्राचं उत्तरही मीच मसुदा करून जोडलं होतं, त्यांना सोपं जावं म्हणून. ह्यांनी ते पान काढून घेतलं, मागच्या बाजूला शब्दकोडं सोडवायला. म्हणाले, "विचारलंस ना? आता थांब."

उरलं ते इतकंच, जसंच्या तसं इथे उतरवून ठेवते:

'दहा मार्च रोजी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या नातवाची अपॉइंटमेंट मी रद्द केली. त्याच्या आईने नाही. नातू आता एक शब्द बोलतो. दुसऱ्या शब्दासाठी जुलैपर्यंत थांबणे मला जमेल असे वाटत नाही, मी दहापर्यंतच मोजू शकते. कुणी वेळ रद्द केल्यास ती आम्हाला द्यावी. सत्रांना मी सोबत येईन आणि बाहेर बसेन. कृपया शुक्रवार, २८ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावे. फोन करू नये. फोन मी उचलते.'